लिंकनने मांडलेला हिशेब

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयात वक्तृत्व स्पर्धा झाली. विषय होता, अमेरिकेतील यादवी युद्धाची कारणे. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. साहजिकच मी आर्थिक बाजू उचलली. उत्तरेत कारखाने, दक्षिणेत शेती. उत्तरेला परदेशी मालावर जबर जकात हवी, दक्षिणेला ती नको. या जकातीच्या भांडणातून युद्ध पेटले आणि गुलामगिरीचा प्रश्न केवळ तोंडी लावण्यापुरता होता, असे मी ठासून सांगितले. टाळ्या पडल्या. दुसरे बक्षीसही मिळाले.

घरी येऊन तेच भाषण मी आजोबांना म्हणून दाखवले. आजोबा चौथीपर्यंत शिकलेले. तरुणपणी वडिलांच्या कर्जापायी त्यांनी एका घरी सालगडी म्हणून सात वर्षे काढली. वेठबिगारी बंद करणारा १९७६ चा कायदा येण्याआधीची ही गोष्ट. आमच्या सीमाभागात मराठी आणि कन्नड शब्द शेजारी शेजारी नांदतात. मराठीत जीत म्हणजे विजय. कन्नडमध्ये त्याच उच्चाराचा शब्द कर्जापायी करावयाच्या बांधील चाकरीला वापरतात. आजोबांच्या वाट्याला कन्नडमधली जीत आली. माझे भाषण त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले की, कापूस धरलास, जकात धरलीस, पण ती राबणारी माणसे तू कोणत्या खात्यावर मांडलीस?

मला उत्तर देता आले नाही. ते शोधण्यासाठी मी अब्राहम लिंकनचे चरित्र वाचायला घेतले. शाळेत आपण लिंकनला लाकडी झोपडीत जन्मलेला, चुलीच्या उजेडात वाचणारा मुलगा म्हणून ओळखतो. परंतु त्याच्या आयुष्याचा एकेक टप्पा त्या युद्धाच्या एकेका कारणाला जाऊन भिडतो, हे मला या वाचनात दिसले. तेच वाचकांपुढे ठेवतो.

लिंकनचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी केंटकी राज्यात झाला. बाप टॉमस हा शेतकरी आणि सुतार. केंटकीत जमिनीच्या कागदपत्रांचा असा घोळ होता की पैसे मोजून घेतलेली जमीनही कोर्टात टिकत नसे. शिवाय हे गुलामांचे राज्य. तेथे गुलाम बाळगणाऱ्या जमीनदाराशी गरीब शेतकऱ्याने स्पर्धा कशी करावी? १८१६ च्या अखेरीस टॉमसने बिऱ्हाड उचलले आणि गुलामगिरीला बंदी असलेल्या इंडियाना राज्यात नेले. म्हणजे या प्रश्नाची झळ लिंकनला सातव्या वर्षीच लागली होती. १८१८ मध्ये आई वारली. पुढे सावत्र आई आली आणि तिने त्याला मायेने वाढवले. शाळेचे दिवस सगळे मिळून वर्षभरही भरत नाहीत. बाप त्याला लोकांच्या शेतावर कामाला पाठवी आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे मुलगा एकवीस वर्षांचा होईपर्यंत त्याची मजुरी बापाच्याच हाती जाई. आपल्या घामाचे पैसे दुसऱ्याच्या हाती जाणे म्हणजे काय, हे त्याने असे अनुभवले. राबणाऱ्याच्या कष्टाचे फळ राबणाऱ्याचेच, हा त्याच्या पुढच्या साऱ्या राजकारणाचा पाया ठरला.

१८२८ मध्ये आणि पुन्हा १८३१ मध्ये सपाट तळाच्या होडीतून शेतमाल घेऊन तो मिसिसिपी नदीने न्यू ऑर्लिन्सला गेला. हे शहर कापसाचे मोठे बंदर होते आणि गुलामांचा मोठा बाजारही. तेथे तो काय बोलला याच्या दंतकथा पुष्कळ आहेत. त्या मी सोडून देतो. त्या धक्क्यावर कापूस आणि माणसे एकाच बाजारात का विकली जात होती, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे.

त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १७९३ साली एली व्हिटनीने कापसातून सरकी वेगळी करणारे यंत्र बनवले. त्याआधी आखूड धाग्याच्या कापसाची सरकी हाताने काढण्यातच मजुराचा दिवस जाई. यंत्र आले आणि इंग्लंडच्या गिरण्यांना हवा तेवढा कापूस पिकवणे परवडू लागले. अवघ्या काही हजार गासड्यांचे पीक १८६० पर्यंत चाळीस लाख गासड्यांच्या घरात गेले. कापूस पिकवायला माणसे लागत आणि ती विकत घेतली जात. १७९० मध्ये अमेरिकेत सुमारे ७ लाख गुलाम होते. १८६० च्या शिरगणतीत ते ३९ लाखांच्या वर भरले. १८०८ मध्ये परदेशातून गुलाम आणण्यास बंदी झाली, तेव्हा देशातल्या देशात व्यापार वाढला. व्हर्जिनियासारख्या जुन्या राज्यांतून सुमारे दहा लाख माणसे आईबाप आणि मुलेबाळे तोडून दक्षिणेच्या नव्या कापूसपट्ट्यात नेली गेली. १८४१ मध्ये ओहायो नदीवरच्या एका आगबोटीत लिंकनने बेड्यांनी एकत्र जखडलेले असे दहा-बारा गुलाम पाहिले. ते दृश्य आपल्याला सतत छळत राहिले, असे त्याने चौदा वर्षांनी एका मित्राला कळवले.

दरम्यान लिंकन इलिनॉय राज्यातील न्यू सेलम या खेड्यात स्थायिक झाला होता. तेथे त्याने भागीदारीत दुकान काढले. वाणिज्याच्या विद्यार्थ्याने हे प्रकरण अवश्य वाचावे. माल उधारीवर घेतला, गिऱ्हाईक थोडे, भागीदार दारूच्या आहारी गेलेला. दुकान बुडाले, भागीदार १८३५ मध्ये वारला आणि सुमारे ११०० डॉलरचे कर्ज एकट्या लिंकनच्या डोक्यावर आले. त्या भागात कर्ज बुडवून रातोरात पश्चिमेकडे निघून जाणारे काही कमी नव्हते. लिंकन गेला नाही. पोस्टमास्तरकी आणि जमीन-मोजणी करून तो पोट भरत होता; सावकाराने त्याचा घोडा आणि मोजणीची साधने लिलावात काढली. एका शेजाऱ्याने ती विकत घेऊन त्याला परत दिली. कर्ज फेडायला त्याला कित्येक वर्षे लागली, पण त्याने ते पूर्ण फेडले. कर्जाने माणूस किती बांधला जातो ते त्याला माहीत होते. परंतु कर्जबाजारी असूनही तो स्वतःचा मालक होता, हा फरकही त्याला माहीत होता.

१८३४ मध्ये तो राज्याच्या विधिमंडळात निवडून आला. १८३६ मध्ये वकिलीची सनद मिळाली. व्हिग पक्षाचा कार्यकर्ता म्हणून तो बँका, कालवे, लोहमार्ग आणि देशी कारखान्यांना संरक्षण देणारी जकात यांचा पुरस्कार करीत असे. येथे माझ्या भाषणातली जकात आली खरी, आणि तिचे भांडणही खोटे नव्हते. १८२८ च्या जबर जकातीवर दक्षिण कॅरोलायना राज्य इतके खवळले की १८३२ मध्ये त्याने तो कायदा आपल्या हद्दीत रद्दबातल ठरवला. पण १८३३ मध्ये तडजोड झाली. पुढे १८४६ आणि १८५७ मध्ये दर उतरत गेले. युद्धाच्या उंबरठ्यावर जकात कित्येक दशकांत नव्हती इतकी कमी होती. ती पुन्हा वाढवणारा कायदा मार्च १८६१ मध्ये संमत झाला. तोपर्यंत सात राज्ये फुटली होती आणि त्यांचे बहुतेक प्रतिनिधी सभागृहाबाहेर पडले होते. म्हणजे ज्याला मी कारण म्हणत होतो, ते कार्याच्या नंतर आले होते! माझे बक्षीस तेथेच डळमळू लागले.

मग खरे कारण कोणते? राजकीय बाजू आधी पाहू. अमेरिकेच्या घटनेने लोकसंख्या मोजताना पाच गुलामांबद्दल तीन माणसे धरण्याची सोय केली होती. गुलामाला मत नाही, पण त्याच्या संख्येवर मालकाच्या राज्याला जागा जास्त. सीनेटमध्ये मात्र प्रत्येक राज्याला दोनच जागा. म्हणून गुलामांची राज्ये आणि मुक्त राज्ये समसमान ठेवण्याची धडपड चाले. १८२० मध्ये मिसूरीबरोबर मेन हे मुक्त राज्य घेतले आणि पश्चिमेच्या मुलखातून ३६ अंश ३० कलांवर एक रेघ ओढली. १८५० मध्ये कॅलिफोर्निया मुक्त राज्य म्हणून आले आणि तोल गेला. त्याची भरपाई म्हणून पळालेले गुलाम पकडून देण्याचा कडक कायदा झाला. या कायद्याने उत्तरेच्या राज्यांचे स्वतःचे कायदे बाजूला सारले. राज्यांच्या हक्कांची ढाल पुढे करणाऱ्या दक्षिणेनेच हा कायदा मागून घेतला होता, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

१८५४ मध्ये सीनेटर डग्लस याने कॅन्सस-नेब्रास्का कायदा आणून ती जुनी रेघ पुसली आणि गुलामगिरीचा निर्णय त्या मुलखात वसणाऱ्यांवर सोडला. कॅन्ससमध्ये दोन्ही बाजूंची माणसे बंदुका घेऊन उतरली. १८५७ च्या ड्रेड स्कॉट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नव्या मुलखात गुलामगिरीला बंदी घालण्याचा अधिकारच संसदेला नाही, असा निकाल दिला. प्रत्येक तडजोड म्हणजे हुंडीची मुदत वाढवणे होते. मूळ रक्कम तशीच आणि व्याज चढत होते. वकिलीत रमलेला लिंकन १८५४ मध्ये राजकारणात परतला तो याच कारणाने.

वकील म्हणून त्याने चालवलेला एक खटला आर्थिक बाजू फार चांगली दाखवतो. १८५६ मध्ये मिसिसिपीवरील रॉक आयलंड येथील रेल्वेच्या पुलावर एक आगबोट आदळून जळाली. बोटवाल्यांनी नुकसानभरपाईचा दावा लावला. पुलाच्या बाजूने लिंकन उभा राहिला. १८५७ मध्ये ज्युरींचे एकमत न झाल्याने निकाल लागला नाही आणि पूल राहिला. बोट नदीने उत्तर-दक्षिण जाणारी. आगगाडी पूर्व-पश्चिम धावणारी. लिंकनच्या तरुणपणी पश्चिमेचे धान्य न्यू ऑर्लिन्सला उतरे. आता ते शिकागोमार्गे न्यूयॉर्ककडे जाऊ लागले. व्यापाराची वाट बदलली तशी पश्चिमेच्या शेतकऱ्यांची मैत्रीही बदलली. दक्षिण एकटी पडत चालली.

पण एकटी म्हणजे गरीब नव्हे. वाणिज्याच्या विद्यार्थ्याने दक्षिणेचा ताळेबंद पाहावा. १८६० मध्ये अमेरिकेच्या एकूण निर्यातीत निम्म्याहून अधिक वाटा एकट्या कापसाचा. इंग्लंडच्या गिरण्यांत जाणाऱ्या कापसापैकी सुमारे तीन चतुर्थांश अमेरिकेचा. आणि गुलामांची बाजारभावाने किंमत ३०० कोटी डॉलरच्या पुढे, म्हणजे देशातील सारे लोहमार्ग आणि सारे कारखाने यांत गुंतलेल्या भांडवलापेक्षा जास्त! आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर मला येथे मिळाले. राबणारी माणसे कोणत्याच खर्चाच्या बाजूला नव्हती. तीच भांडवल होती. ती गहाण टाकून कर्ज मिळे. न्यू ऑर्लिन्सचा अडत्या पुढच्या पिकावर उचल देई. त्याला न्यूयॉर्कची बँक पैसे पुरवी आणि तिच्यामागे लिव्हरपूलचा व्यापारी असे. उत्तरेचे हातही या वहीत बरबटलेले होते.

मग मला एक शंका आली. लिंकन तर असलेली गुलामगिरी मोडू म्हणत नव्हता. ती नव्या मुलखात पसरू द्यायची नाही, एवढेच त्याचे म्हणणे होते. १८५८ मध्ये डग्लसशी झालेल्या सात जाहीर वादांत त्याने काळ्यांना मत किंवा सामाजिक बरोबरी देण्याचा आपला विचार नसल्याचेही सांगितले होते. हे त्याच्या चरित्रातील वैगुण्य आहे आणि ते लपवू नये. मग एवढ्या मवाळ माणसाच्या विजयाने दक्षिण का फुटावी?

उत्तर भांडवलाच्या स्वभावात आहे. कोणत्याही मालमत्तेचा आजचा भाव उद्याच्या भरवशावर ठरतो. कापसाने जमिनीचा कस जाई. नवी जमीन हवी. नवी जमीन बंद झाली तर गुलामाची मागणी घटणार, मागणी घटली की भाव पडणार, भाव पडला की गहाणवट कोसळणार. शिवाय मुक्त राज्ये वाढत गेली की एक दिवस घटनाच बदलली जाईल, ही धास्ती. १८६० मध्ये १८ मुक्त राज्ये आणि १५ गुलामांची, असा हिशेब आधीच उलटला होता. त्या वर्षी लिंकनला सुमारे चाळीस टक्के मते आणि निर्वाचक मंडळातील ३०३ पैकी १८० मते मिळाली. दक्षिणेच्या दहा राज्यांत त्याच्या नावाने मतपत्रिकाही नव्हत्या. २० डिसेंबर १८६० रोजी दक्षिण कॅरोलायना फुटले. फुटताना त्या राज्याने, आणि नंतर मिसिसिपीने, जी कारणपत्रे प्रसिद्ध केली ती गुलामगिरीविषयीच बोलतात. मालकांनी स्वतः लिहून ठेवलेले कारण सोडून मी मंचावर दुसरेच सांगत होतो.

४ मार्च १८६१ रोजी लिंकनने राष्ट्राध्यक्षपदाची सूत्रे घेतली आणि १२ एप्रिलला सम्टर किल्ल्यावर दक्षिणेच्या तोफा सुटल्या. आणखी चार राज्ये फुटली. गुलामगिरी असूनही संघराज्यात राहिलेली सीमेवरची राज्ये दुखावू नयेत म्हणून लिंकन प्रथम जपून वागला. मार्च १८६२ मध्ये त्याने एक हिशेब मांडला. तो मला त्याच्या साऱ्या गाजलेल्या भाषणांपेक्षा हृद्य वाटतो. डेलावेअर राज्यात १७९८ गुलाम; माणशी ४०० डॉलर भरपाई धरली तर मालकांना ७ लाख १९ हजार २०० डॉलर द्यावे लागतील. युद्धाचा खर्च रोजचा २० लाख डॉलर. म्हणजे अर्ध्या दिवसाच्या खर्चात एक राज्य मोकळे! मेरीलँड, केंटकी, मिसूरी आणि राजधानीचा प्रदेश धरून ४ लाख ३२ हजार ६२२ गुलाम. खर्च १७ कोटी ३० लाख ४८ हजार ८०० डॉलर, म्हणजे युद्धाचे ८७ दिवस. बुडालेल्या दुकानाचा मालक अजून हिशेब करीत होता.

राजधानीत एप्रिल १८६२ मध्ये भरपाई देऊन गुलाम मोकळे झाले. सीमेवरच्या राज्यांनी मात्र नकार दिला. मालकांना फक्त पैसा नको होता. माणसावरची सत्ता सुटत नव्हती. अखेर १ जानेवारी १८६३ रोजी लिंकनने बंडखोर मुलखातील गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा काढला. गुलाम त्याची वाट पाहत बसले नव्हते. युद्ध सुरू झाल्यापासूनच हजारो जण मळे सोडून उत्तरेच्या छावण्यांत येत होते. पुढे सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक उत्तरेच्या फौजेत लढले. युद्धाने ६ लाखांहून अधिक सैनिकांचे प्राण घेतले. सरकारी कर्ज १८६० मधील साडेसहा कोटी डॉलरवरून १८६५ मध्ये २७० कोटींच्या आसपास पोचले. ८७ दिवसांचा सौदा नाकारून देशाने चार वर्षांची किंमत मोजली.

या हिशेबाची एक नोंद आपल्या अंगणातही झाली आहे. अमेरिकेचा कापूस बंद पडताच इंग्लंडच्या गिरण्या हिंदुस्थानकडे वळल्या. आमच्या शेजारच्या धारवाड भागात १८४० च्या दशकापासून न्यू ऑर्लिन्सच्या बियाण्याचा कापूस पिकत होता. त्याला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला, समुद्र भरून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या, शेअरचे वेड पसरले. १८६५ मध्ये युद्ध संपल्याची बातमी आली आणि सारा डोलारा कोसळला. तेथे माणसे मोकळी झाली म्हणून येथे सट्टेवाले रडले! पण त्याच मराठी मुलखात एका माणसाने त्या मुक्तीचा आनंदही मानला. महात्मा फुले यांनी १८७३ मधील आपला गुलामगिरी हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला.

९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचा सेनापती ली शरण आला. १४ एप्रिलच्या रात्री वॉशिंग्टनच्या नाट्यगृहात लिंकनवर गोळी झाडली गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने प्राण सोडला. गुलामगिरी कायमची बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पक्की झाली. चाळीस लाख माणसे मोकळी झाली, पण बहुतेकांना जमीन मिळाली नाही. युद्धाच्या अखेरीस काहींना दिलेली जमीनही पुढच्या राष्ट्राध्यक्षाने जुन्या मालकांना परत केली. मग तीच माणसे त्याच मालकाच्या शेतात वाट्याने राबू लागली, बी-बियाणे आणि दाणागोटा दुकानातून उधार घेऊ लागली आणि हंगामाच्या शेवटी वहीत त्यांच्या नावे बाकी निघू लागली.

हा मजकूर लिहून झाल्यावर मी तो आजोबांना वाचून दाखवला. शेवटचा परिच्छेद त्यांनी दोनदा वाचायला लावला. मग म्हणाले की, चाकरी सुटली त्या वर्षी आपणही जोंधळा त्याच घरून उसना आणला होता. आणायला दुसरे घर नव्हते. हे त्यांनी मला आजवर कधी सांगितले नव्हते.

वक्तृत्वाचे प्रशस्तिपत्र अजून माझ्या टेबलावर आहे. ते मी फाडणार नाही. चुकीची नोंद खोडून टाकू नये, तिच्याखाली दुरुस्तीची नोंद करावी, असे आम्हांला हिशेबशास्त्रात शिकवतात. हा लेख म्हणजे माझी दुरुस्तीची नोंद समजावी.